जुलैत मुका पाऊस, ऑक्टोबरात बोलका: ढगातल्या विजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सप्टेंबर संपत आला की संध्याकाळी आमच्या गच्चीवर माणसं जमतात, कारण तिथून पूर्वेकडचं आभाळ मोकळं दिसतं आणि घाटाच्या बाजूला विजा चमकायला लागलेल्या असतात. मग प्रश्न सुरू होतात. विद्यार्थी विचारतात, शेजारचे आजोबा विचारतात, कपडे काढायला आलेल्या काकू जाता जाता विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ढग एकमेकांवर आपटतात म्हणून गडगडतं ना?

नाही. ढग म्हणजे बारीक थेंब आणि बर्फाचे कण भरलेली हवा. दोन पातेल्यांतली वाफ एकमेकींत मिसळते तसे दोन ढग एकमेकांत मिसळतात, आवाज न करता. गडगडाट होतो तो विजेमुळे. वीज ज्या बोटभर जाडीच्या वाटेने जाते तिथली हवा क्षणात ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, फुटल्यासारखी फुगते, आणि तो धक्का आपल्यापर्यंत आवाज होऊन पोचतो.

मात्र ‘आभाळात म्हातारी हरभरे भरडतेय’ असं आजी सांगायची, ते मला खऱ्याच्या जास्त जवळचं वाटतं. टकरी होतात, पण ढगाढगांत नाही. एकाच ढगाच्या पोटात, दाण्यादाण्यांत होतात. जात्यात घातल्यासारखं तिथे अखंड भरडणं चालू असतं आणि त्यातून वीज साठत जाते. पुढची सगळी उत्तरं या भरडण्याबद्दलच आहेत.

मुंबईत कसला बर्फ? इथे तर जानेवारीतही स्वेटर लागत नाही.

बर्फ डोक्यावरच असतो, फक्त पाच किलोमीटर वर. पावसाळ्याच्या सुमारास मुंबईवर साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशांवर येतं, आणि त्यापुढे दर किलोमीटरला ते सुमारे सहा अंशांनी उतरत जातं. साडेसात-आठ किलोमीटरवर उणे १५ अंश असतात. विमानात समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान उणे चाळीस-पन्नास दाखवतात, ते याच आकाशातलं. पाच किलोमीटर म्हणजे मुलुंडहून भांडुपच्या पुढे जाण्याइतकंच अंतर, फक्त उभं.

गडगडाटी ढगाचा तळ एखाद किलोमीटरवर असतो आणि माथा बारा ते सोळा किलोमीटरवर जातो. म्हणजे त्याचा निम्म्याहून जास्त भाग बर्फाच्या प्रदेशात असतो. माथ्याशी तो लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो, त्या पांढऱ्या पसाऱ्यात तर निव्वळ बर्फाचे स्फटिक असतात.

मग नेमकं कोण कोणावर आपटतं?

ढगाच्या मधल्या भागात तीन मंडळी एकत्र असतात. तिघंही असायला लागतात, हे लक्षात ठेवा.

पहिले म्हणजे अतिशीत थेंब. शून्याखाली गेलं की पाणी गोठतं असं आपण शाळेत शिकतो, पण ढगातल्या स्वच्छ, बारीक थेंबाला गोठायला निमित्त लागतं. धुळीचा योग्य कण मिळाला नाही तर तो उणे १० ला, उणे २० ला, अगदी उणे ३८ च्या आसपासपर्यंतही द्रवच राहतो.

दुसरे हिमस्फटिक. हे हलके, नाजूक, मिलिमीटरच्या अंशाएवढे. वर जाणारा वारा त्यांना अलगद उचलून नेतो.

तिसरा ग्रॉपेल, म्हणजे मऊ गार. कच्चा साबुदाणा डोळ्यांसमोर आणा: दोन ते पाच मिलिमीटरचा, पांढरा, अपारदर्शक गोळा. एखादा बर्फाचा कण खाली येऊ लागला की वाटेतले अतिशीत थेंब त्याला आपटतात आणि आपटताक्षणी थिजतात. थेंबावर थेंब असा थिजत गेला की साबुदाणा तयार. मध्ये हवा अडकलेली असते म्हणून तो पांढरा दिसतो, चौपाटीवरच्या किसलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखा.

आता साबुदाणा जड आहे, तो खाली येऊ पाहतो किंवा एका जागी तरंगतो. स्फटिक हलके आहेत, ते वर चाललेत. वाटेत ते साबुदाण्याला घासून, आपटून, उडून पुढे जातात. त्या क्षणभराच्या स्पर्शात थोडा विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हीच ती टक्कर.

बर्फावर बर्फ घासला तर दोन्ही सारखेच. मग भार एकाच बाजूला का जातो?

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मला फार आनंद होतो, कारण सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे. प्लास्टिकची पट्टी केसांवर घासली की कागदाचे कपटे उचलते, तिथे पट्टी वेगळी आणि केस वेगळे. इथे मात्र दोन्हीकडे बर्फच. पण तो एकाच अवस्थेतला बर्फ नसतो.

बर्फाचा पृष्ठभाग आपल्याला वाटतो तसा कडक कोरडा नसतो. शून्याच्या बऱ्याच खालीसुद्धा त्याच्यावर रेणूंचा एक अतिशय पातळ, विस्कळीत, पाण्यासारखा थर असतो. शिवाय ढगातला बर्फाचा कण सतत हवेतली वाफ शोषून वाढत असतो, कुणी भराभर, कुणी हळू. प्रयोगांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसली आहे: टक्कर होताना ज्याचा पृष्ठभाग जास्त वेगाने वाढत असतो त्याच्याकडे धनभार राहतो, आणि दुसऱ्याकडे ऋणभार जातो. त्याचं एक स्पष्टीकरण असं की वेगाने वाढणाऱ्या पृष्ठभागावर तो पातळ थर जाड आणि ऋणभारित असतो. दोघं टेकले की जाड थरातलं थोडं द्रव्य पातळ थराकडे ओघळतं आणि जाताना ऋणभार सोबत घेऊन जातं.

प्रयोगशाळेत असंही दिसलं की अतिशीत थेंब नसले, नुसते स्फटिक आणि बर्फाचा गोळा असले, तर भार फारच थोडा साठतो. म्हणून वर म्हटलं, तिघंही लागतात.

यात अलीकडे एक नवी भर पडली आहे. २०२५ मध्ये ‘नेचर फिजिक्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बर्फाची पट्टी वाकवली की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे त्यात मोजून दाखवलं आहे. टक्कर म्हणजे क्षणभराचं वाकणं, दबणंच. अशा वाकण्यातून येणाऱ्या भाराचा संशोधकांनी केलेला हिशेब ढगासाठी प्रयोगांत मोजलेल्या आकड्यांशी जुळण्याजोगा निघाला. पातळ थराचं ओघळणं आणि हे वाकणं, दोन्हींचा वाटा किती, यावर काम चालू आहे. फ्रीजमधला बर्फ आपण रोज हाताळतो आणि तो वाकला की वीज देतो ही गोष्ट २०२५ पर्यंत मोजून दाखवायची राहिली होती, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ढगाच्या वर धन, खाली ऋण असं पुस्तकात असतं. ते वेगळं कोण करतं?

वारा आणि गुरुत्वाकर्षण. साधारण उणे १५ अंशांपेक्षा थंड भागात टक्कर झाली तर बहुतेक वेळा साबुदाणा ऋण होतो आणि स्फटिक धन. हलके स्फटिक वाऱ्याबरोबर माथ्याकडे जातात, जड साबुदाणे मधल्या पट्ट्यात राहतात. त्यामुळे माथा धन आणि मध्य ऋण. मुंबईच्या आकाशात हा ऋण पट्टा अंदाजे साडेसहा ते नऊ किलोमीटरच्या दरम्यान यावा, कारण त्याचं ठिकाण उंचीवर नाही, तापमानावर ठरतं: उणे १० ते उणे २५ अंश.

पण साबुदाणा आणखी खाली, जरा उबदार भागात आला की खेळ उलटतो. तिथल्या टकरींत तो धन होतो. म्हणून ढगाच्या तळाशी धनभाराचा एक लहानसा कप्पाही सापडतो. पुस्तकातल्या दोन मजली चित्राऐवजी तीन मजली चित्र काढायला मी मुलांना सांगते. उलटण्याचं तापमान मात्र पक्कं नाही, ढगात द्रवरूप पाणी किती आहे त्यावर ते खालीवर होतं.

एवढ्याशा दाण्यांच्या टकरीतून एवढी मोठी वीज?

हिशेब करून बघू. विद्युतभार कुलोममध्ये मोजतात, आणि एका कुलोमचे १ वर १५ शून्यं इतके भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोकुलोम. एका टकरीत सरकणारा भार सुमारे १० फेम्टोकुलोम धरू, म्हणजे साठेक हजार इलेक्ट्रॉन. जमिनीवर पडणारी एक सर्वसाधारण वीज २० कुलोमच्या आसपास भार खाली आणते. भागाकार केला तर २ वर १५ शून्यं इतक्या टकरी लागतात: वीस कोटी कोटी. आपल्या जुन्या गणतीत या आकड्याला दोन अंत्य म्हणायचे.

आकडा अशक्य वाटतो, पण ढग किती मोठा आहे तेही पाहा. पाच किलोमीटर लांब, पाच रुंद आणि दोन किलोमीटर जाड एवढाच भाग धरला आणि दहा मिनिटं दिली, तर एका घनमीटरात सेकंदाला साठ-सत्तर टकरी पुरतात. घनमीटर म्हणजे एक मोठं कपाट. कपाटाएवढ्या जागेत सेकंदाला साठ-सत्तर टिचक्या. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक टक्कर सारखा भार देत नाही, पण म्हातारीचं जातं किती वेगाने फिरतंय याची कल्पना येते. ढगात जोमदार बर्फ तयार झाल्यापासून साधारण वीस-तीस मिनिटांत पहिली वीज चमकू शकते, ती यामुळेच.

जुलैत मुंबई बुडते तरी गडगडाट नाही, आणि ऑक्टोबरात दहा मिनिटांच्या सरीला कानठळ्या. असं का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे.

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण माणसांसाठी वापरली जाते, पण ती आभाळाकडे बघून सुचली असणार. वीज साठायला किती पाऊस पडतो याला महत्त्व नाही. ढगातलं पाणी शून्य अंशांच्या रेषेच्या किती वर, किती जोराने फेकलं जातं, याला आहे.

भर मोसमात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रावरून दमट वारा सतत येत असतो. हवा खालपासून वरपर्यंत ओली, आभाळ झाकलेलं, जमीन तापायला ऊन नाही. अशा हवेत वर जाणारे झोत सौम्य असतात, सेकंदाला काही मीटर. पाण्याचे थेंब पाच किलोमीटरच्या आतच एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली येतात. पाऊस बर्फाच्या प्रदेशाला फारसा न शिवताच पडून जातो. जे थोडं पाणी वर पोचतं त्यातून साबुदाणे कमी होतात, अतिशीत थेंब टिकत नाहीत, टकरी पुरेशा होत नाहीत. समुद्रावरच्या ढगांचा हा जगभरचा स्वभाव आहे. जमिनीवर विजा समुद्राच्या मानाने साधारण दहापट होतात. जुलैतली मुंबई, आकाशाच्या दृष्टीने, समुद्राचाच भाग असते.

मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात सगळं उलटं. दिवसभर ऊन असतं, सह्याद्रीचे उतार तापतात, वरच्या थरात कोरडी हवा असते. दुपारी घाटावर ढग उगवतो आणि बघता बघता फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उभा चढतो. आतले झोत सेकंदाला दहा, वीस मीटर किंवा त्याहूनही जोरात असू शकतात. एवढ्या वेगाने पाणी वर गेलं की त्याला खाली पडायला सवडच मिळत नाही, ते द्रवरूपातच उणे १०, उणे १५ च्या पट्ट्यात पोचतं. साबुदाणे वळले जातात, स्फटिक येतात, जातं फिरू लागतं. त्या दिवसांत मधल्या थरातला वारा बहुधा पूर्वेचा असतो, म्हणून हे ढग कर्जत, बदलापूर, कल्याण असं करत संध्याकाळी ठाणे-मुलुंडवर येतात. मृगाच्या तोंडावरचा वळीव आणि हस्ताचा पाऊस गाजतो तो यामुळे.

जुलैतही कधी कडाडतं. मोसमात खंड पडून ऊन तापलं, किंवा कमी दाबाच्या पट्ट्यासारखी एखादी प्रणाली हवा जोराने वर ढकलू लागली, तर तोही ढग बर्फाच्या मजल्यावर पोचतोच.

ऑक्टोबरच्या सरीचे पहिले थेंब इतके टपोरे का असतात?

कारण त्यातले बरेचसे थोड्या वेळापूर्वी साबुदाणे होते. ग्रॉपेल शून्याच्या रेषेखाली आलं की वितळायला लागतं, आणि मुंबईत त्याला वितळायला जवळजवळ पाच किलोमीटरची ऊबदार हवा मिळते. जमिनीवर पोचेपर्यंत बर्फाचा मागमूस राहत नाही. नाशिक किंवा मराठवाड्यात गारपीट होते आणि मुंबईत क्वचितच, त्याचं हेही एक कारण. त्या सरीचा पहिला जड, गार थेंब तळहातावर पडला की मी मुलांना सांगते: हा आठ किलोमीटरवर बर्फ होता आणि शेकडो स्फटिकांनी याला टिचक्या मारल्या आहेत.

हे शोधलं कुणी? सगळं परदेशातच का?

गोष्टीची एक महत्त्वाची सुरुवात शिमल्यात आहे. गिल्बर्ट सिम्पसन हे भारतीय हवामान खात्यात १९०६ मध्ये रुजू झाले आणि शिमल्याच्या पावसात येणारा विद्युतभार मोजायला लागले. पाऊस जास्त करून धनभार आणतो असं त्यांना दिसलं, आणि मोठे थेंब फुटताना भार वेगळा होतो असा सिद्धांत त्यांनी १९०९ मध्ये मांडला. तिकडे इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन जमिनीवरून विद्युतक्षेत्र मोजून सांगत होते की ढगाचा माथा धन आहे आणि खालचा भाग ऋण. दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालला.

शेवटी सिम्पसन यांनीच आपले सहकारी स्क्रेस यांच्याबरोबर ढगात फुगे सोडले. त्यातल्या रसायन लावलेल्या कागदावर विद्युतक्षेत्राची दिशा डाग होऊन उमटायची. १९३७ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत विल्सन यांचं म्हणणं मुख्यतः बरोबर ठरलं: माथा धन, मध्य ऋण. आणि तळाशी धनभाराचा छोटा कप्पाही सापडला. शिमल्याच्या धनभारित पावसाला त्यात जागा मिळाली, थेंब फुटण्याच्या सिद्धांताने मात्र ढगाचा मुख्य भार समजावता आला नाही. स्वतःच्या मोजमापातून स्वतःच्या सिद्धांताविरुद्धचा पुरावा प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

बर्फाच्या टकरींचा पुरावा नंतर आला. १९५७ मध्ये रेनॉल्ड्स, ब्रुक आणि गुर्ली यांनी थंड खोलीत, अतिशीत थेंब आणि हिमस्फटिकांच्या ढगात बर्फाचा गोळा फिरवून भार मोजला. १९७८ मध्ये ताकाहाशी यांनी, १९८३ मध्ये जयरत्ने, साँडर्स आणि हॅलेट यांनी तापमान आणि पाण्याचं प्रमाण बदलत हेच तपशिलाने केलं. भाराची दिशा उलटण्याचं तापमान या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

ढगात विद्युतदाब किती असतो? मोजता येतो का?

येतो, आणि यात मुंबईचा हात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीला ‘ग्रेप्स-३’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्युऑन हे भारित कण मोजले जातात. १ डिसेंबर २०१४ ला एक गडगडाटी ढग डोक्यावर आला तेव्हा म्युऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगाच्या विद्युतदाबामुळे त्यांची ऊर्जा बदलत होती. त्या घटीवरून संशोधकांनी दाब काढला: १३० कोटी व्होल्ट. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. इतका दाब असू शकेल असं विल्सन यांनी १९२९ मध्येच म्हटलं होतं. घरातला दाब २३० व्होल्ट असतो, त्याच्याशी तुलना तुम्हीच करा.

हवा तर विजेची दुर्वाहक. मग वीज वाट कशी काढते?

जमिनीलगतची कोरडी हवा फुटायला, म्हणजे तिच्यातून वीज वाहू लागायला, मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. ढगात प्रत्यक्ष मोजलेलं क्षेत्र मात्र बहुतेक वेळा एक ते चार लाखांच्या घरात सापडतं. वरची हवा विरळ असते, थेंबांच्या आणि स्फटिकांच्या टोकांशी क्षेत्र एकवटतं, अवकाशातून येणाऱ्या किरणांनी सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन मदत करत असावेत. तरीही पहिली ठिणगी नेमकी कशी पडते हा या विज्ञानातला मोठा खुला प्रश्न आहे.

आवाज येतो पण वीज दिसत नाही, तेव्हा ती कुठे जाते?

ढगातच. चारातल्या सुमारे तीन विजा जमिनीवर येतच नाहीत, ऋण आणि धन मजल्यांमध्येच उरकतात. बाहेरून फक्त ढग आतून उजळल्यासारखा दिसतो.

पुढच्या अर्ध्या तासात वीज होईल का, हे रडारवर कळतं का?

बऱ्यापैकी. मुंबईवर कुलाबा आणि वेरावली इथल्या डॉप्लर रडारची नजर आहे. उणे १० अंशांच्या थरात जोरदार प्रतिध्वनी, साधारण ४० डीबीझेडच्या (रडारकडे परतलेल्या प्रतिध्वनीची ताकद सांगणारं माप) आसपास, दिसू लागला की तिथे साबुदाणे वळले गेलेत असं समजावं. खाली कितीही लाल रंग असला तरी वरचा थर रिकामा असेल तर तो जुलैचा मुका पाऊस.

आपण गच्चीवर उभं राहून बघतो ते सुरक्षित आहे का?

लांबचा लखलखाट बघायला हरकत नाही, पण गडगडाट ऐकू आला की आम्ही सगळे खाली उतरतो. आवाज पोचतो तिथे वीजही पोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मैदानातलं झाड, समुद्राचा कठडा, पत्र्याची शेड हा आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा दारं-काचा बंद केलेली मोटार हा आसरा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास विजा होत असतील तर सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या.

मला स्वतःला बघायचं असेल तर कधी, कुठे?

मेचा शेवटचा आठवडा ते मृगाचे पहिले दिवस, आणि पुन्हा सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दुपारी तीननंतर पूर्वेकडची कोणतीही उंच खिडकी चालेल. आधी माथा बघा: कडा फ्लॉवरसारख्या रेखीव असतील तर तिथे अजून बहुतांशी पाणी आहे. त्या कडा धूसर, पिंजलेल्या कापसासारख्या होऊ लागल्या की वरचं पाणी बर्फ झालं. त्या क्षणी घड्याळात वेळ लिहून ठेवा. मग अंधार पडू द्या आणि पहिला लखलखाट कधी होतो ते लिहा. त्यानंतर आवाज ऐकू आलाच तर मधले सेकंद मोजा, तीनने भागा, म्हणजे किलोमीटर मिळतील. गेल्या ऑक्टोबरात आमच्या वहीत कडा धूसर होण्यापासून पहिल्या चमकेपर्यंत एकदा चौदा मिनिटं लागली, एकदा बावीस, आणि एका संध्याकाळी कडा धूसर झाल्या, ढग पसरला, पण वीज झालीच नाही. त्या संध्याकाळी झोत कुठे कमी पडला असेल, यावर आम्ही जेवणाची वेळ होईपर्यंत बोलत होतो.